साहेबांचा अरुंद जिना

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कधी टाकून दिल्या जात नाहीत. एक, विटांचे नमुने. दुसरे, थॉर्नबीसाहेबांचे किस्से. विटा निदान मागच्या खोलीत रचून ठेवता येतात, किस्से कुठे ठेवणार? चहाच्या वेळी एक काढला की त्याच्यामागून आणखी चार येतात आणि काम राहतं बाजूला.

साहेब म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून इकडे मिनेसोटात आलेले आर्किटेक्ट. आमचा बॉस वॉल्टर, त्याचे आजोबा साहेबांकडे ड्राफ्ट्समन होते. पुढे त्यांनीच हे ऑफिस सुरू ठेवलं. मी मूळची अकोल्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथल्या ईडन प्रेरी गावात आले आणि वॉल्टरकडे चिकटले. थॉर्नबींना ‘साहेब’ म्हणायची सवय माझी, आता वॉल्टरही ‘साब’ म्हणतो.

यातले बरेच किस्से मी डॉरथीबाईंना ऐकवत आले आहे. बाई नव्वदीच्या पुढच्या. साहेबांनी बांधलेल्या शेवटच्या घरात, तळ्याकाठी, त्या जन्मल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. गुडघे गेले तेव्हा घर विकून त्या सीनियर होममध्ये राहायला गेल्या. मग कळलं, घेणाऱ्यांना जमीन हवी आहे, घर पाडायचं आहे. बाईंनी आकांडतांडव केलं नाही. एवढंच म्हणाल्या, पाडायच्या आधी मला एकदा आत जाऊन येऊ द्या.

ते राहू दे. आधी साहेबांचं सांगते.

* * *

साहेब इकडे आले ते एका धान्याच्या व्यापाऱ्याचा बंगला बांधायला. काम झालं की परत जायचं, असा बेत. व्यापाऱ्याला किल्ल्यासारखं काहीतरी हवं होतं, बुरूजबिरूज असलेलं.

पहिल्या दिवशी साहेब जागेवर गेले आणि कोट अंगावर घेऊन चक्क गवतात आडवे झाले. दुपार झाली, तरी तसेच. व्यापारी घोडागाडीतून आला, बघतो तर आपला विलायती आर्किटेक्ट डोळे मिटून पडलेला! त्याने मोठ्याने हाक मारली, हे काय चाललंय म्हणून विचारलं.

साहेबांनी एक डोळा उघडला.

“जरा हळू बोला,” ते म्हणाले, “मी तुमच्या बेडरूममध्ये आहे.”

बुरूज काही झाले नाहीत. त्या बेडरूममध्ये मात्र आजही सकाळचं ऊन बरोब्बर पायांवर येतं. मी स्वतः तिथे झोपून बघितलं आहे. आताच्या मालकीणबाई तेव्हा स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या.

* * *

साहेबांची एक पद्धत आम्ही अजून पाळतो. घर कागदावर पक्कं व्हायच्या आधी ते जमिनीवर पांढऱ्या चुन्याने आखायचं. पूर्ण मापात. दारं, भिंती, चूल, सगळं. आणि मग घरच्यांनी एक अख्खा दिवस त्या रेघांच्या आत राहायचं. माझे बाबा कॉन्ट्रॅक्टर होते, ते याला फक्की मारणं म्हणायचे. इथे बेसबॉलच्या मैदानावर रेघा ओढायची चाकाची गाडी मिळते. ती ढकलताना मला दर वेळी बाबांची आठवण येते.

तर त्या व्यापाऱ्याच्या बायकोने फक्कीच्या घरात दिवस काढला. नवरा अभ्यासिकेत, म्हणजे गवतावरच्या एका चौकोनात, पेपर वाचत बसलेला. बाई तीन खोल्यांपलीकडून, म्हणजे पंधरा-वीस पावलांवरून, त्याला हाका मारतायत. हा ढिम्म. शेवटी त्या रेघेशी येऊन उभ्या राहिल्या.

नवऱ्याने पेपरातून मान वर न काढता सांगितलं, “दार लावलेलं आहे. मला ऐकू येत नाही.”

साहेबांनी तिथल्या तिथे बुटाने रेघ पुसली आणि अभ्यासिकेचं दार काढून टाकलं.

* * *

साहेबांचे जिने अरुंद. इतके अरुंद की दोन माणसं एका वेळी जाऊच शकत नाहीत. एक वरून उतरत असेल तर दुसऱ्याने खाली भिंतीला लागून थांबायचं. वॉल्टरच्या आजोबांना वाटलं मापात चूक झाली. त्यांनी घाबरत घाबरत साहेबांना विचारलं, जिना रुंद करू का?

साहेब म्हणाले, “नको. घरातल्या माणसांनी दिवसातून एकदा तरी एकमेकांसाठी थांबलं पाहिजे.”

हा किस्सा डॉरथीबाईंना सांगितला तर त्या हसून म्हणाल्या, माझं निम्मं बालपण त्या जिन्याखालीच गेलं. त्यांचा मोठा भाऊ टॉमी धाडधाड उतरत यायचा आणि या पुस्तकं छातीशी धरून भिंतीला चिकटून उभ्या. शाळेला उशीर कायम यांनाच. टॉमी पुढे विशीतच लढाईवर गेला, तो परत आला नाही. हे सांगून झाल्यावर बाईंनी मला आणखी एक बिस्किट दिलं.

* * *

मग जमाना बदलला. लोकांना काचेची, सपाट छपराची घरं हवीशी वाटायला लागली. साहेबांची उतरती छपरं आणि ठेंगणी दारं सगळ्यांना नकोशी झाली. आयुष्यातल्या शेवटच्या कामांपैकी एक म्हणजे हायवेवरचा पेट्रोल पंप. साहेबांनी त्यालाही उतरतं छप्पर केलं आणि वर मोठं विटांचं धुरांडं बांधलं.

पंपवाला हादरला. पेट्रोलच्या शेजारी धुरांडं?

“त्यातून धूर कधीच येणार नाही,” साहेबांनी त्याला समजावलं. “पण लांबून गाडी चालवत येणाऱ्याला वाटलं पाहिजे की घर आलं.”

आता तिथे डोनटचं दुकान आहे. बर्फात गाडी चालवत घरी येताना ते धुरांडं दिसलं की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल सोडते. माझं घर तिथून अजून बरंच लांब असतं, तरीसुद्धा.

* * *

साहेब इंग्लंडला परत गेलेच नाहीत. आणि इतकी घरं बांधून स्वतःचं एकही बांधलं नाही. एका विधवाबाईंकडे भाड्याच्या खोलीत राहायचे. पण दर वसंतात बर्फ वितळला की मित्राच्या शेतात जाऊन स्वतःचं घर आखायचे. एकदा पाऊस झाला की सगळं वाहून जायचं.

वॉल्टरच्या आजोबांनी एकदा धीर करून विचारलं, वाईट नाही वाटत?

साहेबांनी पुसट झालेल्या रेघांकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं म्हणतात.

“या वर्षी स्वयंपाकघर छान जमलं होतं.”

मला हा माणूस फार आवडतो. काय करू?

* * *

आता डॉरथीबाईंच्या घराचं. ते घेतलं निनाद कुलकर्णीने. पुण्याचा मुलगा, इथे सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. माणूस वाईट अजिबात नाही. बेसमेंटमध्ये पाणी, भिंतींना बुरशी आणि साहेबांच्या दारांत त्याचं सहा फुटी डोकं दर वेळी आपटायचं. वॉल्टरने दुरुस्तीचं परोपरीने सुचवून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मी निनादला फोन केला, निदान बाईंना एकदा आत जाऊ दे.

“ताई, मला काय प्रॉब्लेम असणार?” तो म्हणाला. “पण इन्शुरन्सवाले नाही म्हणतायत. फ्लोअर वीक आहे. त्या पडल्याबिडल्या तर?”

खरं होतं ते. जिना तर हातानेच हलत होता. घर पाडलं गेलं. त्या आठवड्यात मी बाईंकडे गेले, पण एकही किस्सा सुचला नाही. त्याच मला म्हणाल्या, तळ्यावरचं धुकं आतून कसं दिसतं ते तू बघायला हवं होतंस.

* * *

नव्या घरासाठी निनाद आमच्याकडेच आला. वॉल्टर दोन दिवस जुनी ड्रॉइंग्ज चाळत बसला आणि मग हो म्हणाला. फक्की मारायचं ठरलं. त्याआधी निनादने आम्हाला चहाला बोलावलं. त्याची आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. काकूंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे वॉल्टरशी त्यांचं सगळं बोलणं चिवड्याची बशी पुढे करूनच चालू होतं. बोलता बोलता मी डॉरथीबाईंचं सांगितलं.

काकूंनी बशी खाली ठेवली.

“मग? गेल्या का त्या आत?”

“नाही ना, काकू.”

त्या लेकाकडे वळल्या. मग म्हणाल्या, “निनाद, आधी त्यांचं घर आखायचं. आपलं मग.”

“आई, ते घर ऑलरेडी पाडलंय.”

“माहितीये मला. म्हणूनच म्हणतेय.”

निनादने इन्शुरन्सवाल्यांना विचारलं. घर उभं होतं तेव्हा पाऊल टाकू देत नव्हते. आता बेसमेंट बुजवून वर नुसतं गवत होतं, म्हणाले, खुशाल जा!

* * *

सप्टेंबरातला शनिवार. तळ्यावर धुकं होतं, गवत दवाने ओलं. वॉल्टरने आजोबांच्या हातचं जुनं ड्रॉइंग आणलं होतं. तो मापं सांगत गेला, मी गाडी ढकलत गेले. ऊन वर यायच्या आत साहेबांचं घर पांढऱ्या रेघांत पुन्हा उभं राहिलं.

डॉरथीबाई वॉकर घेऊन आल्या, चर्चला जायचा निळा ड्रेस घालून. मुख्य दारातून आत गेल्या. काकूंनी उंबऱ्याच्या रेघेबाहेर चपला काढल्या. ते बघून वॉल्टरनेही बूट काढले आणि हातात धरून आत आला. निनाद कॉफी घेऊन भिंत ओलांडून सरळ येत होता, तर बाई म्हणाल्या, “दारातून ये, बाळ.” तो बिचारा कॉफी सांभाळत वळसा घालून दाराशी गेला आणि बाई ये म्हणेपर्यंत उभा राहिला.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीच्या जागी थांबून त्यांनी तळं पाहिलं. मग हळूहळू जिन्यापाशी आल्या. जिना म्हणजे जवळजवळ असलेल्या दोन रेघा आणि वॉल्टरने काढलेला एक बाण.

वॉल्टर ओशाळला. वरचा मजला जमिनीवर आखता येत नाही, असं काहीतरी तो सांगायला लागला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मान वर करून त्या जिन्यावरची धाडधाड ऐकत होत्या.

मग त्यांनी वॉकर उचलून बाजूला ठेवला आणि भिंतीच्या रेघेला लागून उभ्या राहिल्या. मी सरकले. वॉल्टर बूट छातीशी धरून माझ्या शेजारी आला.

काकूंना जिन्याचा किस्सा मी सांगितलाच नव्हता. त्यांनी एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पदर आवरून घेतला आणि अंग चोरून वाट करून दिली.