टाचेतले रक्ताचे थेंब

माझं माहेर सापगावचं, सासर वैशाखऱ्याचं. माझ्याआधी आईला दोन मुलगे झाले आणि दोघेही रांगायच्या आत गेले. गावात तिला पोरखाऊ म्हणत. बारशाला बोलवत नसत. आपलं बाळ तिच्या हातात द्यायला बायका कचरत.

मला आधी मुलगी झाली, ती ठणठणीत. मग मुलगा. सगळ्या बाळांना टोचतात तशी त्याच्याही दंडावर बीसीजीची लस टोचली. इतर पोरांची ती जखम सुकते, त्याची चिघळत गेली. काखेत गाठ आली, तोंड आतून पांढरं झालं, खोकला हटेना. मुरबाडला दोन दवाखाने झाले, औषधं बदलली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, माहेरचीच खोड आहे. मी आत ऐकत होते. शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेला, तोवर त्याला श्वासही पुरत नव्हता. तिथेच गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आजाराशी लढणाऱ्या पेशीच त्याच्या अंगात नव्हत्या. लसीतले दुबळे जिवंत जंतू इतर बाळांना सोसतात, त्याला सोसले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईचे मुलगे लहानपणी गेलेत का?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, हा दोष आईकडून येतो, मुलींना सहसा काही होत नाही, मुलगे त्याने जातात. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासले तर कळतं आणि वेळेत कळलं तर मूल वाचू शकतं. मग आमच्याकडे का तपासत नाहीत, मी विचारलं. "सगळ्यांचं नाही होत अजून," त्या म्हणाल्या. माझ्या अंगाचा भडका उडाला.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजे मी नाय खाल्ले गो त्यांना."

पुन्हा दिवस गेले तेव्हा बाळंतपण मुंबईलाच करायचं ठरलं होतं. पण कळा लवकर आल्या आणि वाटेतल्या एका छोट्या दवाखान्यात थांबावं लागलं. मुलगाच झाला. नर्स लस घेऊन आली तशी मी बाळाला छातीशी घट्ट धरलं. टोचू देणार नाही म्हटलं. तिने डॉक्टरांना बोलावलं. ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, या खेड्यातल्या बायकांच्या अंधश्रद्धा कधी जाणार? मी पडल्या पडल्याच म्हणाले, "एक मुलगा याच लसीनंतर गेलाय माझा. आधी मुंबईला फोन लावा, मग मला अंधश्रद्धाळू म्हणा." नवरा दारात आडवा उभा राहिला. फोन लागला. डॉक्टर ऐकत गेले, सुई परत गेली. पुढचं सगळं मात्र ते माझ्या नवऱ्यालाच सांगत राहिले.

मुंबईला रक्त तपासलं. याच्यातही त्या पेशी नव्हत्या. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, आम्ही हात धुऊन, तोंड झाकून आत जायचो. थोरलीच्या हाडातला मगज त्याला जुळला. तो दिला, आणि कित्येक महिने बाळाच्या अंगात तो रुजायची वाट पाहिली.

रुजला. आता तो अंगणवाडीत जातो, चिखलात लोळतो, सर्दी होते आणि बरीही होते. माहेरी गेले की आई त्याला कडेवर घेऊन गावभर फिरते.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, देवाने पहिला नेला तोच परत दिला. मी दरवेळी हातातलं काम टाकून बाहेर येते आणि सांगते, की तोच नाही, हा दुसरा आहे. पहिला मेला, आणि त्याला मरायची काही गरज नव्हती.