एका मोटारीचे टँकर किती

मुलांनो, परवा तुम्ही दोघांनी मिळून मला एक फोटो पाठवलात. फिकट निळी, बोटाएवढी दुधाची गाडी, दारावर बाटलीचं चित्र, शेजारी तिचा पिवळा खोका. खाली लिलावात लागलेला आकडा. आणि त्याखाली तुमचा प्रश्न : "आजी, ही तुझ्याकडे होती ना? केवढ्याला विकलीस?" पुढे रडणाऱ्या तोंडांची रांग.

तो आकडा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. तेवढ्या पैशांत इथे अमरावतीत जुनी पण चालती, खरीखुरी मोटार मिळते. मी माझी गाडी त्याच्या दहाव्या हिश्शालाही विकली नव्हती. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, थोडं थांबली असतीस तर," आणि त्याने विषय बदलला. मला विषय बदलायचा नाही. थांबता येत नव्हतं म्हणून मी थांबले नाही, आणि ते का, हे तुम्हाला क्रमाने सांगायला हवं. मी नसताना तुमच्या मनात 'आजी फसली' एवढंच उरू नये.

आधी हे की मोटारी माझ्या होत्या. माझं माहेर अकोल्याचं. मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होता आणि सुट्टीवर आला की आमच्याकडे उतरायचा. पहिल्यांदा त्याने माझ्यासाठी बाहुली आणली. मी ती परत त्याच्या मांडीवर ठेवली आणि सांगितलं, मला मोटार हवी. घरातले सगळे हसले, मामा हसला नाही. पुढच्या खेपेला त्याने लाल दुमजली बस आणली, ओतीव धातूची, हातात घेतली की वजन कळायचं. मग दर सुट्टीला एक. लॉरी, रुग्णवाहिका, टपालाची गाडी, छोटा ट्रॅक्टर, ही दुधाची गाडी. त्यांच्या पोटाखाली उठावाची अक्षरं असत. शाळेच्या पुस्तकाबाहेरचं मी वाचलेलं पहिलं इंग्रजी ते. खोके मी कधी टाकले नाहीत. प्रत्येक मोटार खेळून झाली की पुसून आपल्या खोक्यात. या सवयीबद्दल तुमचे आजोबा मला आयुष्यभर चिडवत आले.

लग्न करून आले तेव्हा त्या सगळ्या खोक्यांची पेटी सोबत आणली. पहिल्याच दसऱ्याला सासूबाईंनी अंगणात तेलाचं इंजिन, विळे, कुऱ्हाडी, सायकल असं सगळं धुऊन मांडलं आणि मला म्हणाल्या, "तुया मोटारी आन."

"आत्याबाई, त्या खेळण्यातल्या आहेत."

"मोटार म्हंजे मोटार. लहान हाय म्हून दसऱ्याले उपाशी ठेवते काय तिले?"

मग पाटावर माझ्या मोटारींची रांग लागली. प्रत्येकीच्या पुढच्या झाकणावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूची एकेक पाकळी, कारण अख्खं फूल ठेवलं तर मोटार दिसत नसे. तो दरवर्षीचा नेम झाला. पुढे घरात स्कूटर आली, ट्रॅक्टर आला, पण मोटारींचा पाट सुटला नाही. ओली हळद रंगात मुरत गेली. त्या डागांकडे मी कधी डाग म्हणून पाहिलंच नव्हतं.

आता त्या उन्हाळ्याकडे येते. तुमचा बाबा नुकताच परदेशी गेला होता. मी कॉलेजातून निवृत्त होऊन अमरावतीत सासूबाईंसोबत राहत होते आणि तुमचे आजोबा बहुतेक दिवस वरूडजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत असत. सासरे गेल्यानंतर ती बाग सासूबाईंनी उभी केली होती. कलमं त्यांनी स्वतः निवडून आणली, खड्डे स्वतः उभं राहून घेतले. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपरात रोज कुठल्यातरी गावाचं नाव असायचं आणि आम्ही ते मोठ्याने वाचत नसू. दोन पावसाळे कोरडे गेले होते. आपली विहीर आटली, बोअर खोल नेलं तर वर नुसता भुकटा आला. शेजारच्या बागा तुटत होत्या. संत्र्याचं लाकूड भरलेले ट्रक वीटभट्ट्यांकडे जाताना रस्त्यावर दिसायचे.

एक दिवस आजोबा घरी आले आणि पाणी पिता पिता म्हणाले, "लाकूडवाल्याले बोलावलं हाय. सोमवारी तो पाहून जाईन."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "झाडं म्या लावली. मले इचारलं काय?"

"तुले इचारून विहिरीले पाणी येते काय, माय?"

"नाई येत. पन इचारा लागते."

मग आजोबा माझ्याकडे वळले. "आता तूच सांग. टँकर घ्या म्हटलं तर दोन महिने रोज टँकर लागते. कुठून आनू? वाळून गेलेल्या झाडाले लाकूडवाला बी भाव देत नाई. आज हिरवं हाय तं घेऊन राहिला."

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्या पेन्शनवर घर चालायचं, टँकर नाही. मुलाला नवा संसार मांडायचा होता, त्याच्याकडे मागायचं नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. पण मी म्हटलं, "पाऊस पडेपर्यंत एकाही झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. टँकरचं मी बघते."

"कुठून बघते?"

"मोटारी विकते."

आजोबा हसले. त्यांना वाटलं, मी चिडून बोलले.

मी चिडून बोलले नव्हते. तुमच्या बाबाचे ईमेल वाचायला मी दर रविवारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे जायची. तिच्या वडिलांचं वह्या-कागदांचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवर तिने इंटरनेटचं केंद्र काढलं होतं. लग्नानंतरही तिने ते चालू ठेवलं होतं, सासरच्यांशी भांडून. तिनेच मला एकदा दाखवलं होतं की जगभरातली माणसं जुन्या वस्तूंचे लिलाव कॉम्प्युटरवर करतात. गंमत म्हणून मी माझ्या बसच्या पोटाखालची अक्षरं टाइप केली होती. समोर तशीच बस आली आणि तिच्याखाली बोली.

आता मी पेटी घेऊन तिच्याकडे गेले. तिने एकेक मोटार वर्तमानपत्रावर ठेवून फोटो काढले. संग्राहक कशाला पैसे देतात हे आम्ही तिथे बसून शिकलो. आधी खोका. मग रंग. मग टायर मूळचे आहेत की बदललेले. कुणी खेळलेलं नसेल तर सर्वांत उत्तम.

"मॅडम, हे लोक खोक्याचे बी पैसे देऊन राहिले," ती म्हणाली. "मायच्या हिंगाचे सारे खोके आनू काय जी?"

जी मोटार कुणी खेळलंच नाही तिला सर्वांत जास्त भाव, हे मला आजही पटत नाही. पण भाव माझ्या पटण्यावर ठरत नव्हता.

लॉरी आणि रुग्णवाहिका आधी गेल्या, बऱ्या किमतीला. पण त्याच आठवड्यात एका गृहस्थाने विचारलं, झाकणावर पिवळट लाल ठिपका दिसतो तो गंज आहे की कुणी नंतर रंग लावला आहे? माझी विद्यार्थिनी म्हणाली, "लिहून टाकू का, मॅडम, सावलीनं तसं दिसते म्हून?"

मी म्हटलं, नाही. मी लिहिलं : आमच्याकडे एका सणाला वाहनांची पूजा होते, हा हळद आणि कुंकवाचा ठिपका आहे, वर्षानुवर्षं लावलेला, निघत नाही. त्या गृहस्थाने आभार मानले आणि बोली मागे घेतली.

ही गोष्ट मी घरी जेवताना सांगितली. सासूबाईंचा घास हातात राहिला. "हळदीले डाग म्हंते तो?"

"त्यांच्याकडे डागच, आत्याबाई. त्याने भाव पडतो."

"किती पडते?"

"अर्ध्याहून जास्त."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर मागच्या अंगणात त्या बसलेल्या, समोर चिंचेचा कोळ, राख आणि नारळाची काथ. आपण देवाची तांब्याची भांडी घासतो, अगदी तसं. हातात माझी पहिली बस. तिच्यावर लाल रंग उरला नव्हता. कोपऱ्यांत, खिडक्यांच्या कडांना थोडासा तेवढा. बाकी करडा उघडा धातू. त्यांनी ती पदराने पुसून माझ्यापुढे धरली.

"पाय. हळदीचा ठिपकाच ठेवला नाई. आता तं दुप्पट भाव देईन तो."

त्या ऐंशीच्या होत्या. सकाळपासून घासत होत्या, बोटांची सालं निघाली होती. माझ्या सगळ्या मोटारींत सर्वांत जास्त भाव त्या बसला येणार होता. मी हातातली पिशवी खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि मूळचा रंग गेला की भावही जातो, हे खरं ते सांगितलं. खोटं सांगून त्यांना बरं वाटलं असतं, पण उरलेल्या मोटारीही घासल्या गेल्या असत्या.

त्यांनी बस माझ्या हातात दिली आणि त्या म्हणाल्या, "मंग दुधाची गाडी काढ. तिले मी हात लावत नाई."

आजोबांना हे संध्याकाळी कळलं. "माय," ते म्हणाले, "तुनं आज वीस टँकर घासून टाकले." सासूबाई म्हणाल्या, "तू तं सारी बागच तोडून राहिला होता. बस चूप." आणि त्या क्षणी, त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा, आम्ही तिघंही हसलो. त्या दिवसापासून घरात रुपयांची भाषा गेली. टपालाची गाडी आठ टँकर. छोटा ट्रॅक्टर पाच. लाकूडवाल्याला आजोबांनी स्वतःच फोन करून "पाऊस पडल्यावर पाहू" असं सांगितलं.

दुधाची गाडी मी सर्वांत शेवटी ठेवली होती. ती मला सर्वांत आवडायची. तिच्या वर्णनात हळदीची हकीकत मी पहिल्याच ओळीत लिहिली. लिलाव भारतीय वेळेने संध्याकाळी संपणार होता. दोघेजण चिकटून होते, एक एवढासा वाढवायचा, मग दुसरा. शेवटची काही मिनिटं उरली आणि भारनियमनामुळे वीज गेली. उन्हाळ्यात ती रोजच जायची, पण त्या दिवशी वेळेआधी गेली. माझी विद्यार्थिनी ओढणी खोचून जिन्यावरून खाली धावली. जनरेटरची दोरी तिने ओढली, पुन्हा ओढली आणि जनरेटरला अशी शिवी दिली की वर्गात दिली असती तर मी तिला बाहेर काढलं असतं. पडदा पुन्हा उजळला तेव्हा लिलाव संपला होता. तेवढ्या अंधारात ते दोघे परक्या देशात एकमेकांवर चढत गेले होते. तुम्ही पाठवलेल्या आकड्यापुढे तो आकडा काहीच नाही. पण तो होता पंचवीस टँकर.

"मॅडम," ती धापा टाकत म्हणाली, "या दोघाईले भेटले तं पाया पडीन मी."

मोटारी मी कापसात गुंडाळून पाठवल्या. त्या वर्षी कापसाला बाजारात भाव नव्हता, शेजारणीने गाठोडंभर नुसताच दिला. दुधाची गाडी घेणाऱ्याने नंतर कळवलं की गाडी पोचली, ठिपका फोटोतल्यापेक्षा सुंदर आहे, आणि कापसात एक काळी बी सापडली ती कसली? मी लिहिलं, सरकी. कापूस तिच्यावरच येतो.

टँकर आले तेव्हाही सगळ्या झाडांना पुरेल एवढं पाणी नव्हतंच. कोणती झाडं धरायची, म्हणजे जगवायची, हे सासूबाईंनी ठरवलं. मी त्यांना बागेत घेऊन गेले. काठी टेकत त्या रांगांमधून हिंडल्या, साल नखाने खरवडून बघत. विहिरीकडची अर्धी बाग धरली. वरच्या अंगाची सोडून दिली. पाणी झाडालाच मिळावं म्हणून धरलेल्या झाडांवरची फळं आम्ही सगळी तोडून टाकली, बुंध्यांभोवतीच्या आळ्यांत तुरीच्या तुराट्या आणि गोणपाट अंथरलं आणि टँकरच्या नळीने एकेका आळ्यात पाणी सोडलं. सोडून दिलेल्या रांगांकडे आजोबा पाठ करून उभे राहायचे. पाऊस उशिरा आला, पण आला. वरची झाडं तोवर वाळून गेली होती. त्यांचं लाकूड आजोबांनी विकलं नाही. दोन हिवाळे त्यावर बागेतल्या चुलीवरचं पाणी तापलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दुधाची गाडी मी पंचवीस टँकरला विकली. ते पाणी त्याच उन्हाळ्यात लागणार होतं. आजच्या भावाला ती विकायची तर मला ती अजून वीस वर्षं पेटीत ठेवावी लागली असती, आणि आज विकून जे पैसे आले असते त्यांनी त्या उन्हाळ्यातलं एक झाडही भिजलं नसतं.

सासूबाई आता नाहीत, आजोबाही नाहीत. पेटी रिकामी आहे, तिच्यात मी लोकरीचे कपडे ठेवते. विहिरीकडची झाडं आता म्हातारी झाली आहेत, काही गेली. जी गेली त्यांच्या जागी, उरलेल्यांच्याच फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, बांधून केलेली कलमं लावली आहेत आणि ती फळाला आली आहेत. रंग गेलेली बस माझ्या टेबलावर आहे. दसऱ्याला मी तिला हळद लावते.