आधी भैरवी

नंदा ओव्हाळांनी साठी उलटल्यावर युकुलेले शिकायला घेतलं, तेव्हा कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला, "नातवाचं आहे का?" चार तारांची, काखेत मावणारी ती छोटी गिटार बघून लोकांना खेळणंच वाटणार. नंदाताई सांगायच्या, "नाही, माझंच आहे. नातू ड्रम वाजवतो." त्यांना नातू नव्हता. पण ठणकावून उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येत नाही, एवढं इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर त्यांना कळलं होतं.

खरं कारण होतं घरात. यजमान दशरथराव टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून भीमजयंतीच्या दिवसांत गायन पार्टीत पेटी वाजवायचे. दापोडीपासून हडपसरपर्यंत त्यांना बोलावणी यायची. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तीही पुणेरी. "आपली भैरवी झाली," असं म्हणून त्यांनी पेटीवर चादर टाकून घेतली. भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट. ती झाली की गाणारा गात नाही आणि ऐकणारा बसत नाही. हळूहळू त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे साठू लागले. दशरथराव खाली उतरेनासे झाले, बोलायचेही कामापुरतं. नंदाताईंना त्या शांततेची धास्ती वाटायची. घरात काहीतरी वाजलं, तर निदान चुका काढायला हा माणूस तोंड उघडेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

शिकवणारी मिसबा बागवान. तिच्या वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा, आणि ही शेजारच्या इमारतीत मुलांचे क्लास घ्यायची. मुलांच्या घोळक्यात नंदाताई एकट्याच चष्मेवाल्या.

"आंटी, आज फ्रिजियन मोड करू."

"फ्रिज?"

"फ्रिजियन! म्हणजे स्वरांचा एक सेट असतो. थोडा सॅड साउंड येतो, मस्त वाटतं. दोनच कॉर्ड आहेत. ए मायनर, मग बी फ्लॅट, परत ए मायनर. एकदम ईझी."

ए मायनर खरंच सोपा होता, एका बोटाचा. बी फ्लॅटला मात्र तर्जनी आडवी टाकून दोन तारा एकदम दाबायच्या आणि वर आणखी दोन बोटं वाकवायची. नंदाताईंची बोटं आधीच संधिवाताची. कित्येक दिवस तारांतून नुसतं 'खट्ट' निघायचं आणि त्या तारांना मनापासून शिव्या घालायच्या.

एका दुपारी मात्र बी फ्लॅट स्वच्छ वाजला. त्याच्यावरून त्या ए मायनरवर आल्या, पुन्हा गेल्या, आणि नकळत वर गुणगुणू लागल्या. आतून आवाज आला, "भैरवी कुठून आणलीस?"

"कसली भैरवी? फ्रिजियन आहे हा."

"असेल. तिकडे त्याला फ्रिजियन म्हणत असतील. रे, ग, ध, नी, चारही कोमल लावतेस, म्हणजे भैरवीच की. आणि बोट नीट दाब, चिरकतंय."

नंदाताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी मुद्दाम आणखी एकदा चिरकवलं.

सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाजवायला त्यांनी नाव दिलं आणि दशरथरावांना खाली यायची गळ घातली. "चुका काढायला येतो," ते म्हणाले. जिन्यात कठडा धरत, खाली काठी टेकत आले आणि शेवटच्या रांगेत बसले. सेक्रेटरी दिगंबर साठ्यांनी 'लहान वाद्य आधी, मोठी नंतर' असा न्याय लावून नंदाताईंना सगळ्यात पहिलं बसवलं होतं. मागे मसालेभाताचा वास सुटला होता.

नंदाताईंनी तार छेडली आणि गुणगुणायला सुरुवात केली. चार-दोन आवर्तनं झाली असतील. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मान डोलावली, "वा, भैरवी," म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले. त्यांचं बघून शेजारचे उठले. खुर्च्या सरकल्या. "लवकर आटोपलं यंदा," असं कुणीतरी समाधानाने म्हणालं आणि अर्धी सभा मसालेभाताकडे वळली.

नंदाताईंचं बोट निसटलं. खट्ट. लोक गेल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. पण आता हा माणूसही उठेल, वर जाईल आणि पुन्हा कधी खाली येणार नाही, याची त्यांना धास्ती वाटली. त्यांनी मागे बघायचंच टाळलं.

तेवढ्यात काठी फरशीवर आपटली.

"अहो, बसा! चाललात कुठे? आमच्याकडे भैरवी आधी घेतात. कार्यक्रम अजून व्हायचाय."

आवाज गायन पार्टीतला होता, माईकशिवाय मैदानभर पोचणारा. लोक हातातल्या चपला खाली ठेवून बसले. साठेही बसले.

"हं, घे," दशरथराव म्हणाले. नंदाताईंनी ए मायनर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरावाला बसल्या, तर इस्त्रीचे कपडे पलंगावर आणि चादर जमिनीवर. दशरथराव पेटीसमोर बसून डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर जुळवून बघत होते.

"ते तुझं खेळणं ठेव बाजूला," ते म्हणाले. "आणि इकडे ये. भाता कोण मारणार?"