करून दाखवायचे शब्द

"अर्थ सांगू नका मॅडम. करून दाखवा की."

सोलापुरात मी जपानी भाषेचा वर्ग चालवते. तिथं ती रोज हे म्हणायची. मंद्रूपची, एका दवाखान्यात आया. जपानमधल्या वृद्धाश्रमात काम मिळावं म्हणून शिकत होती. दोन मुलाखतींत नापास झालेली.

"औंदा झालं तर झालं. पुढच्या साली वयात बसत न्हाय मी."

तिथल्या म्हाताऱ्यांना कसं दुखतं ते कळावं म्हणून मी भिंतीवर तक्ता लावला होता. झुकीझुकी म्हणजे ठसठसणं, हिरीहिरी म्हणजे चुरचुरणं, शिकुशिकु म्हणजे पोटात बारीक दुखत राहणं. बाकीच्या मुली उतरवून घ्यायच्या. ही वही मिटायची. हिरीहिरीच्या दिवशी तिनं डब्यातली मिरची मोडून मनगटावर घासली. फुराफुरा, म्हणजे भोवंड येऊन झोक जाणं, याला गरगर फिरून माझ्या कपाटावर आदळली. वर्षवार लावलेल्या फाइली खाली.

"आता इसरत न्हाय," ती जमिनीवरून म्हणाली.

"मीही नाही," मी म्हटलं.

एकाच शब्दाला ती अडली. शीऽन. काहीही ऐकू येत नाही, त्या शांततेचा शब्द.

"ह्यो कुटं करून दाखवू? हितं दिवसभर पलीकडचं माग चालत्यात. ऱ्हाऊ द्या. तितं गेल्यावर कळवते."

मला तक्त्यात मोकळा रकाना चालत नाही. तरी शीऽनपुढचा ठेवला.

तिसरी मुलाखत संगणकावर होती. पडद्यावर वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई. त्यांनी विचारलं: आजी जेवत नाहीत, बोलत नाहीत. तुम्ही काय कराल? पाच वाक्यं पाठ करून घेतली होती. तिला एकही आठवेना. मी बाजूलाच बसले होते, पण मला बोलायची परवानगी नव्हती.

ती खुर्चीवरून उठली आणि खाली गुडघ्यांवर बसली. स्वतःचा गुडघा दाबून विचारलं, "झुकीझुकी?" थांबली. पोटावर हात ठेवला. "शिकुशिकु?" पुन्हा थांबली. दुसऱ्याचं दुखणं विचारून असं थांबणारी माणसं तुम्हीही मोजकीच पाहिली असतील. पडद्यावरच्या बाईंनी हळूच आपल्या खांद्यावर हात नेला.

"झुकीझुकी," त्या म्हणाल्या.

निवड झाली. ती गेली. हजेरीपटातून नाव मी कमी केलं.

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला. 'मॅडम, मी सांभाळायचे त्या इथल्या आजी वारल्या. रोज मला झुकीझुकी सांगायच्या. खोली आवरली, चादर काढली, जरा बसले. शीऽन. तेवढं लिहून घ्या.'

मी पेन घेऊन तक्त्यापाशी गेले. पलीकडे माग चालू होते. रकाना मोकळाच ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि परत येऊन बसले.