खांद्यानं उचललेला हात

समोरचा माणूस हात उचलतो तेव्हा तो खरोखर हातानंच उचलतो का, हे ओळखायला मला साठच्या दशकात बंगळूरला शिकवण्यात आलं. आमचे सर परदेशात मेंदू आणि स्नायूंवर काम करून परतले होते. एका इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लुळ्या अंगांना व्यायाम देऊन उपचार करायला त्यांनी आम्हा पाच-सहा जणांना घडवायला घेतलं होतं. ‘मालिश करणारे गावात पुष्कळ आहेत,’ ते म्हणायचे. ‘मला संशोधक हवेत. आधी बघायला शिका.’

बघायचं म्हणजे चोरी पकडायची. दंडातली ताकद गेली तरी शरीर गप्प बसत नाही. ते खांदा उडवतं, धड दुसऱ्या बाजूला झुकवतं आणि लुळा हात झोक्यानं वर नेतं. रोग्याला वाटतं, आपणच उचलला. आम्ही त्याला फसवी हालचाल म्हणायचो. ती ज्याला आधी दिसेल तो सरांचा लाडका. मला चटकन दिसायची आणि त्याची मला कोण घमेंड होती!

मी तिथे शिकत असतानाच अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं. एका सरकारी कारखान्यात ते यंत्रांचे आराखडे काढत. त्यांच्या रेषेला साहेबसुद्धा नाव ठेवत नसत. कारखान्यानं लांबलचक रजा दिली होती. ती संपायच्या आत हात कामाला आला तर त्यांची जागा त्यांना मिळणार होती, नाहीतर घरी बसणं. पाय लवकर सुधारला, काठी टेकत ते चालू लागले. हात मात्र लोंबत राहिला. मी रोज सकाळी व्यायाम करून घ्यायची आणि मनातल्या मनात चिडायची. इतकी विद्या शिकत होते, पण त्या हातात जीव घालायची युक्ती त्यात कुठेच नव्हती.

एके दिवशी आईची हाक आली. ‘अगं, लवकर ये! ह्यांनी हात वर केला!’

अण्णा खुर्चीत बसले होते आणि हात छातीपर्यंत आला होता. शेजारच्या अक्का हातातलं काम टाकून धावत आल्या. ‘स्वल्प स्वल्प सरी होगुत्ते! हळूहळू बरं होणार, मी म्हटलं नव्हतं?’ त्या रडायलाच लागल्या. आईनं शिरा केला. आणि मला त्याच क्षणी दिसलं होतं. खांदा कानाला भिडला होता, धड डावीकडे कललं होतं. दंड होता तसाच निर्जीव होता. जळो ते शिक्षण, असं मला वाटलं. बाकीच्यांसारखा घटकाभर आनंद तरी माझ्या वाट्याला यायला हवा होता.

स्वयंपाकघरात मी आईला हळूच सांगितलं. ती उसळून म्हणाली, ‘तुझी विद्या त्या शेडमध्येच ठेव. माझ्या घरात नको.’

अण्णांनी मात्र शेडमध्येच यायचा हट्ट धरला. ‘तुझ्या सरांना दाखवू. हात सुधारतोय असं त्यांनी म्हटलं तर कारखान्यात वजन पडेल. तुझ्या वर्गालाही कळू दे, माणूस बरा कसा होतो ते.’ मी आज-उद्या करत राहिले. शेवटी एका सकाळी ते ऑफिसचा कोट चढवून दारात उभेच राहिले. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

सरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. अण्णांनी हात वर नेला आणि नवा आराखडा टेबलावर मांडावा तसे आमच्याकडे बघू लागले.

‘काय दिसतं?’ सरांनी वर्गाला विचारलं. मी जमिनीकडे पाहत होते.

‘खांदा, सर,’ माझ्या शेजारचा म्हणाला. ‘आणि पाठ.’

‘शाबास.’ सरांनी एक तळवा अण्णांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा पाठीवर. अगदी हलकेच. सर दुष्ट नव्हते. असते तर आज निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. ‘आता उचला,’ ते म्हणाले.

अण्णांनी जोर लावला. मानेच्या शिरा टरारून फुगल्या. हात मांडीवरून हलला नाही. ‘पुन्हा एकदा,’ सर म्हणाले. अण्णांनी पुन्हा जोर लावला. मग त्यांनी हाताकडे पाहिलं आणि नंतर माझ्याकडे. मला आधीपासून ठाऊक होतं, हे माझ्या चेहऱ्यावर त्यांनी वाचलं.

घरी परतताना यशवंतपूरच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, ‘तुझे सर हुशार आहेत.’ घरी आईनं विचारलं तेव्हा ‘ठीक झालं’ म्हणून त्यांनी कोट काढून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी व्यायामाला बसले तर त्यांनी खांदासुद्धा हलवला नाही. फसवी म्हणा, काही म्हणा, त्या हालचालीनं त्यांना हात टेबलावर ठेवता येत होता, सदऱ्याच्या बाहीत घालता येत होता. वर्गात हे कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही.

‘अण्णा, खांद्यानं उचला,’ मी म्हटलं. ‘तसाच उचला, चालतो. मी सांगते ना तुम्हाला.’

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला. ‘तू शास्त्रज्ञ होणार,’ ते म्हणाले. ‘तुझ्यासमोर खोटं कसं करू?’