विहिरीचं कडवं

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. एका दुपारी विशीतली एक मुलगी काळं जाकीट घेऊन आली. मी फोनवर मराठी बोलत होते, ते ऐकून तीही मराठीवर आली, अडखळत, मधे तमिळ घालत.

"अक्का, पाठीवरची ही नावाची पट्टी उसवून देता? संध्याकाळी मला स्टेजवर जायचं आहे."

नाव एका शीतपेयाच्या कंपनीचं होतं. मी उसवायला घेतलं. तिला मात्र स्वस्थ बसवेना. दारापर्यंत जाई, परत येई, बोटांनी मशिनीच्या फळीवर ठेका धरी.

"मी रॅप करते," ती म्हणाली. "त्यांच्या कारखान्यानं आमच्या गावची विहीर आटवली, त्यावर गाणं केलं. ते ऐकूनच त्यांनी मला आजच्या कार्यक्रमाला बोलावलं. गाणं फार आवडलं म्हणाले. फक्त त्यातली विहीर गाळा म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "येते सार, जाकीट घालूनच येते," असं तमिळमध्ये सांगून तिनं तो ठेवला.

"राहू दे अक्का. परत शिवा."

अर्धी निघालेली पट्टी मी मशिनीखाली धरली. माझ्याकडे पाठ करून ती विहिरीचं कडवं म्हणू लागली. आधी हळू, मग इतक्या जोरात की समोरचा फुलवाला माळ ओवायचा थांबला. माझाही पाय मशिनीवर थांबला.

"आता हे कुठं म्हणता येणार नाही," ती धापा टाकत म्हणाली.

मी शिवण पुरी करून जाकीट दिलं. कडवं छान होतं, एवढंही मी बोलले नाही, हे ती गल्लीबाहेर गेल्यावर माझ्या लक्षात आलं.