'अहो' कुणाला म्हणालीस?

आमच्या घरात देव नव्हते. देवघरासाठी ठेवलेल्या कोनाड्यात युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील नोकरीसाठी तमिळ मुलखात आलेले, इथल्या संरक्षण कारखान्यात फिटर होते, आणि मी अक्षरं गिरवली तीच मुळी पत्रकांवर. भूत, आत्मा, मुक्ती... हे शब्द मला आजही फसवणुकीचेच वाटतात. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला आपल्या गोटात ओढू नये. घडलं तेवढं लिहितो.

२००७ साल. मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं, पहिल्या मजल्यावर. पुढे हॉल, मग एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. त्याला दुसरं दार नाही. बोळाची चौकट जुनी आणि ठेंगणी होती. उंच माणसाला मान वाकवूनच आत जावं लागे. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही, मी पाच फूट तीन इंच आहे.

घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको वत्सला, आणि अम्मा. अम्मा म्हणजे वत्सलाच्या पहिल्या नवऱ्याची, मुरलीची आई. दोघीही तंजावरकडच्या, त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. मुरली सैन्यात इंजिनियर. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेला, तिथे एक पूल बांधत असताना गोळीबारात मेला.

ते मला माहीत नव्हतं तेव्हाच मी एक पत्रक लिहिलं होतं... परक्या मातीत आपली पोरं कशाला मरायला पाठवता, असं. जॉर्ज टाउनात फुटपाथवर आम्ही ती वाटत होतो. एका बाईने तिथेच उभं राहून पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "माझा नवरा तिथं मेला. त्याच्या पुलावरून माणसं जातात येतात. तें पण लिही की."

मी लिहिलं नाही. माझं मत अजूनही तेच आहे. पण पुढच्या आठवड्यात ती तपासायला आली, मग त्याच्या पुढच्या... भांडता भांडता आमचं लग्न झालं. रजिस्टर. अम्मानेच पुढाकार घेतला आणि सुनेबरोबर राहायलाही आली.

लग्नाच्या दिवशी मी नियम घातला: मला अहो-जाहो करायचं नाही. नवरा-बायको बरोबरीचे, नावानं हाक मारायची, अरे म्हणायचं. वत्सला लगेच 'बरं' म्हणाली. इतक्या लगेच, की मला ते टोचलं. कारण मुरलीबद्दल बोलताना ती अजूनही 'ते' म्हणायची. ते असं करायचे, त्यांना हे आवडायचं. मी तत्त्वाने मिळवलेला 'अरे', आणि त्याला मरूनही 'अहो'! फोटोतल्या त्या सहा फुटी माणसाशी लढायचं तरी कसं? तो ओला टॉवेल पलंगावर टाकत नाही, बिल भरायला विसरत नाही, त्याचं मत कुणाला खटकत नाही.

श्राद्ध घालायचं नाही, हेही मीच ठरवलं होतं. दोघींनी मान्य केलं. त्याऐवजी मुरली गेला त्या तारखेला त्याचे सैन्यातले मित्र दुपारी यायचे. वडे, आणि त्याच्या मोठ्या पितळी फिल्टरमधली कॉफी. तो फिल्टर एरवी परणावर असायचा. परण म्हणजे स्वयंपाकघरातला माळा, छताला टेकलेला. तिथे माझा हात स्टुलावर चढल्याशिवाय पोचत नाही.

त्या दुपारी मी हॉलमध्ये त्याच स्टुलावर बसून प्रुफं तपासत होतो. अम्मा बोळाच्या तोंडाशी कढीलिंब निवडत बसलेली. आतून वत्सलाची हाक आली,

"अहो, फिल्टर काढून देतां कां?"

खरं सांगतो, माझी सगळी तत्त्वं विरघळली. दीड वर्षात पहिल्यांदा! मी हातातली ओळ पुरी केली... मुद्दामच, जरा भाव खायला... आणि स्टूल उचलून निघालो. अम्माने मान वर केली.

"आतांच आंत गेलास की रे. परत कसा जातोस?"

म्हातारीची चूक, म्हणून मी हसलो. आत गेलो तर फिल्टर ओट्यावर. भोवतीचं फडकं सोडून नीट घडी घालून ठेवलेलं. वत्सला माझ्याकडे पाठ करून उभी, दोन्ही हात मनगटापर्यंत वड्याच्या पिठात.

"ठेवलास तेवढं बास. आतां स्टूल कशाला आणलंस?" ती म्हणाली.

मी विचारलं, अहो कुणाला म्हणालीस?

"अहो? तुला कशाला म्हणेन? मिलिंद म्हणून हाक मारली. मागून आलास, खांद्यावरून हात घालून काढलास. बोललाही नाहीस, मला वाटलं रागावलास."

मग तिने वळून माझ्या हातातल्या स्टुलाकडे पाहिलं, आणि परणाकडे. पितळेवर, फडक्यावर पिठाचा ठिपका नव्हता.

पाहुणे आले, हसले, मुरलीच्या गोष्टी निघाल्या. कॉफी उत्तम झाली होती. मी माझा पेला तसाच ठेवला. भीती? नाही. हेवा! माझ्या घरात, माझ्या बायकोने हाक मारली आणि माझ्याआधी दुसरा पोचला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीने तपासलं. वत्सलाचा हात टाचा उंचावूनही परणाला लागेना. जिन्याचं दार त्या वेळी आतून बंदच होतं. अम्माचा मोतीबिंदू काढलेला, ती पेपर वाचते. तिला विचारलं, नक्की काय पाहिलंस?

"पाठच पाहिली रे. तूंच वाटलास," अम्मा म्हणाली. "चौकटीशी मान वाकवलीस."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, तुला ऐकायचं होतं ते तू ऐकलंस. असेलही. हाकेचं उत्तर त्यात मिळतं. फिल्टरचं मिळत नाही, मानेचं तर नाहीच.

वत्सला मला अजून 'अरे' म्हणते. नियम माझा आहे, तो मोड असं मी तरी कुठल्या तोंडाने सांगू? फिल्टर अजून परणावरच असतो. फक्त त्या तारखेला मी सकाळपासून स्टूल घेऊन स्वयंपाकघरात उभा राहतो. तिला कुणाला हाक मारायची वेळच येऊ देत नाही.